गोल्डीचं 'इनर सिटी लाइफ' आणि त्याचे रिमिक्स

मंद्रसप्तक

ड्रम अँड बेस (वेगवान ड्रम आणि जड बेस यांवर उभं असलेलं ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीत) ऐकायला सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं की मी डोळे मिटून एकच नाव सांगतो : ब्रिटिश संगीतकार गोल्डीचं 'इनर सिटी लाइफ'. १९९४ साली एफएफआरआर लेबलवर 'गोल्डी प्रेझेंट्स मेटलहेड्झ' या नावाने आलं. गायलंय डायान शार्लमेन यांनी. आपल्याकडे या संगीताबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

गाणं सुरू होतं तेव्हा तालाचा मागमूस नसतो. सिंथचे लांब स्वर आणि त्यावर डायानबाईंचा आवाज, एवढंच. मग ब्रेक येतो आणि पहिल्यांदा ऐकणारा गडबडतो. ड्रम धावत सुटलेले असतात, पण गाणारी बाई जराही घाई करत नाही. ती निम्म्या लयीत गाते. बेसही तिच्याच बाजूने, संथ. म्हणजे ठाय आणि दुगुन एकाच वेळी चालू, आणि कान कुठल्या लयीला बांधायचा हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. त्या काळच्या जंगलची (ड्रम अँड बेसच्या आधीच्या रूपाची) लय मिनिटाला १६०च्या आसपास असायची. त्याच्या निम्मे ८० धरले तर तो एखाद्या संथ सोल गाण्याचा वेग झाला. दोन्ही गाणी इथे एकमेकांच्या अंगावर रचलेली आहेत.

गोल्डीचं खरं नाव क्लिफर्ड प्राइस. जन्म १९६५, वॉल्सॉल. लहानपण बालगृहांत आणि पालक-कुटुंबांत गेलं. वुल्व्हरहॅम्प्टनच्या हीथ टाउन वस्तीतल्या उंच इमारतींमध्ये राहिला, भिंतींवर ग्राफिटी काढून नाव कमावलं, मग अमेरिका, मग लंडन. लंडनला केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोघी डीजे मैत्रिणींनी त्याला 'हेवन' क्लबमधल्या 'रेज' नावाच्या रात्रीला नेलं. तिथे फॅबियो आणि ग्रूव्हरायडर हे डीजे वाजवायचे. पुढे गोल्डी, केमिस्ट्री आणि स्टॉर्म या तिघांनी मिळून मेटलहेड्झ हे लेबल काढलं. गाण्यात शहरातलं जे दडपण आहे ते त्याने काचेआडून पाहिलेलं नव्हतं, त्यात तो वाढला होता.

लोकांना माहीत असतं ते सिंगल. पण १९९५च्या 'टाइमलेस' अल्बमवर हे गाणं २१ मिनिटांच्या एका सलग रचनेचा भाग आहे. 'इनर सिटी लाइफ', 'प्रेशर' आणि 'जाह' असे तिचे तीन भाग. सोबत काम करणारा होता मूव्हिंग शॅडो लेबलचा रॉब प्लेफर्ड, आणि ध्वनीची सगळी घडण त्याच्या हातातून गेलेली आहे. २१ मिनिटांचा ट्रॅक अल्बमच्या अगदी सुरुवातीला ठेवायचा ही हिंमत मला आजही थोर वाटते.

आता मूळ मुद्दा. या गाण्याचे रिमिक्स : रॅबिट्स शॉर्ट कट, रोनी साइझचा मिक्स, पेशेचा मिक्स, आणि २०१७ साली आलेला बेरियलचा. मी हे सगळे पुन्हा पुन्हा ऐकून एका मताला आलो आहे : या गाण्याचा रिमिक्स चांगला की वाईट हे ड्रमवर ठरत नाही. त्या संथ आवाजाचं रिमिक्स करणाऱ्याने काय केलं यावर ठरतं. ड्रम तर सगळेच बदलतात. बाईंचा आवाज ठेवायचा, कापायचा, लांबवायचा की काढूनच टाकायचा, तिथे खरी परीक्षा.

तुम्हाला काय वाटतं?

(एक विनंती : मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचा बेस त्यातून उमटतच नाही, आणि बेस गेला की फक्त खडखडाट उरतो.)

विलंबित

सुंदर लिहिलंय. डायान शार्लमेन यांच्याबद्दल थोडी भर घालते, कारण त्यांचं नाव नेहमी गोल्डीच्या मागे दडतं.

त्या मँचेस्टरच्या. ऐंशीच्या दशकात 'फिफ्टीसेकंड स्ट्रीट' या सोल-फंक बँडमध्ये गायच्या. १९९३ साली 'अर्बन कुकी कलेक्टिव्ह'चं 'द की द सीक्रेट' ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, तो आवाज त्यांचाच. नाचगाण्याचं, टाळ्या वाजवायला लावणारं पॉप. आणि त्याच सुमारास त्या गोल्डीच्या 'एंजेल'वर गात होत्या, जे पूर्ण वेगळ्या जगातलं आहे. दोन्ही लागोपाठ ऐका म्हणजे या बाईंचा आवाका कळेल. पुढे मोबीबरोबरही त्यांनी दौरे केले. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये कर्करोगाने गेल्या.

'इनर सिटी लाइफ'मध्ये त्यांनी एकही जागा दाखवण्यासाठी घेतलेली नाही. इतके वेगवान ड्रम मागे असताना बहुतेक गायिका आवाज चढवतील. यांनी उलट श्वास लांबवला. तुमच्या मताशी सहमत, ड्रम कुणीही बदलावेत, पण तो श्वास तोडला की गाणं तुटतं.

नवखा_७

धागा वाचून ऐकलं. आवडलं, पण काही प्रश्न पडलेत. 'ब्रेक' म्हणजे नेमकं काय? आणि २००० सालच्या आगेमागे आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांची जी रिमिक्स निघायची, खाली एक ठोका टाकून वर तीच चाल, त्याहून हे वेगळं कसं?

पट्टी_काळी_चार

@नवखा_७, मी घरच्या घरी थोडंफार रेकॉर्डिंग करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

साठ-सत्तरच्या दशकातल्या फंक आणि सोल रेकॉर्डवर मध्येच एक जागा येते, जिथे बाकी सगळे थांबतात आणि चार-आठ आवर्तनं फक्त ड्रमर वाजवतो. तो ब्रेक. सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणारं यंत्र) आल्यावर लोकांनी हे तुकडे उचलले, वेग वाढवला आणि त्यावर नवी गाणी उभी केली. सगळ्यात जास्त वापरला गेलेला ब्रेक 'द विन्स्टन्स' या बँडच्या १९६९ सालच्या 'आमेन, ब्रदर'मधला. जेमतेम सहा-सात सेकंदांचा, चार आवर्तनांचा. वाजवणारा ग्रेगरी कोलमन. चौथ्या आवर्तनात त्याने पहिली मात्रा रिकामी सोडली आहे आणि क्रॅश झांज अपेक्षेच्या आधीच मारली आहे. त्या एका सुटलेल्या मात्रेने शेकडो जंगल ट्रॅक चालवले. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. २००६ साली अटलांटात तो वारला तेव्हा बेघर होता. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्यासाठी २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढली आणि सुमारे २४,००० पौंड जमवून दिले. ही गोष्ट ठाऊक झाल्यापासून मला तो ब्रेक निर्धास्तपणे ऐकता येत नाही.

'इनर सिटी लाइफ'मध्ये मात्र आयक टर्नरच्या 'फंकी म्यूल'चा ब्रेक आहे. तोही १९६९चाच. जवळून ऐका : स्नेअरच्या (ड्रम-संचातल्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) मोठ्या ठोक्यांच्या मधे हलक्या हाताचे बारीक ठोके आहेत, जवळजवळ कुजबुजल्यासारखे. मूळ वेगात ते नुसती भर घालतात. वेग वाढवला की तेच बारीक ठोके पुढे येतात आणि सळसळ तयार होते. गोल्डीच्या ड्रमना जो रेशमी पोत आहे तो यातून आलाय.

त्या काळी या मंडळींच्या खोलीत अकाईचा एस९५० किंवा एस१००० हा सॅम्पलर हमखास असायचा. एस१०००ची मूळ स्मृती दोन मेगाबाइट, म्हणजे पूर्ण दर्जात मोनोमध्ये चोवीसेक सेकंद आवाज मावणार. त्यात ड्रम, बेस, गळा सगळं बसवायचं. ताल न बदलता स्वर खालीवर करणं आणि स्वर न बदलता ताल लांबवणं हे नुकतंच शक्य झालं होतं. गोल्डीने १९९२च्या 'टर्मिनेटर'मध्ये ड्रमचा स्वर वर वर चढवत नेला, वेग मात्र तसाच ठेवला. तेव्हा तसलं कुणी ऐकलंच नव्हतं. सॅम्पलरने आवाज लांबवताना यंत्र त्याचे अगदी छोटे तुकडे करून ते परत परत लावतं, त्यामुळे एक धातूचा कंप येतो. खरं तर ती यंत्राची मर्यादा, पण या लोकांनी ती रंगासारखी वापरली.

तिरकीट

@मंद्रसप्तक, ठाय-दुगुनचं अगदी पटलं. मी तबला शिकते. ब्रेकचे तुकडे करून पुन्हा रचण्याचं वर्णन वाचून मला कायदा आणि पलटेच आठवले. बोल ठरलेले, संख्या ठरलेली, फिरवाफिरव करून नवं काढायचं आणि समेवर यायचं.

पट्टी_काळी_चार

@तिरकीट, जवळचं आहे खरं, पण एक मोठा फरक दिसतो. कायद्याला खाली-भरी आहे, बोल बंद करून उघडायचे नियम आहेत. ब्रेक चिरणाऱ्याला एवढीच अट असते की दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअर ऐकणाऱ्याच्या मनातून जाता कामा नये. प्रत्यक्षात तो तिथे नसला तरी चालतो. आणि कायद्यात वाजवणारा हात एकच असतो. इथे हात १९६९ सालच्या कुणाचा तरी आणि डोकं १९९४ सालच्या दुसऱ्याचं. स्नेअरचा तुकडा कापला तरी त्यामागची त्या जुन्या खोलीची घुमार त्याला चिकटून येते. तुकडे नव्या क्रमाने लावले की ती घुमारही तुकड्या-तुकड्याने ऐकू येते. तबल्यात हे होणं शक्य नाही.

तिरकीट

घुमारेचा मुद्दा भारी आहे. त्या दृष्टीने परत ऐकते.

शिवडी_ते_स्ट्रॅटफर्ड

मी नव्वदच्या दशकात लंडनला शिकायला होतो आणि पुढे इथलाच झालो. मंद्रसप्तक यांचा लेख आवडला, पण त्यांच्या मूळ मताला माझा विरोध आहे. विरोध प्रेमाचा आहे, गैरसमज नसावा.

तुम्ही रिमिक्स श्रोता म्हणून तपासताय. ते रिमिक्स बनले डीजेसाठी. बारा इंची तबकडीवर सुरुवातीला नुसत्या तालाची बरीच आवर्तनं का ठेवलेली असतात? आधीच्या गाण्याचा ताल याच्याशी जुळवायला डीजेला वेळ हवा म्हणून. शेवटीही तसंच. गळा मधे येतो आणि कधी कधी मुद्दाम फार कमी येतो, कारण रात्री दोन वाजता दोन गाणी एकावर एक चढवलेली असताना पूर्ण गायलेला अंतरा आड येतो. रोनी साइझच्या मिक्समध्ये बेस पुढे आलाय आणि बाईंचा आवाज मागे गेलाय, त्याचं कारण हे. तो ब्रिस्टलचा माणूस, साउंड सिस्टिमच्या (मोठे स्पीकर लावून लोकांसाठी गाणी वाजवणाऱ्या गटांच्या) संस्कारातला. पुढे १९९७ साली रेप्रेझेंट या आपल्या गटाबरोबर 'न्यू फॉर्म्स' अल्बमसाठी त्याने ब्रिटनमधलं मर्क्युरी पारितोषिक मिळवलं. बेस पोटात लागला पाहिजे हा त्याचा पहिला नियम.

ही परंपरा जमैकातून आली. तिथे साठच्या दशकाच्या अखेरीपासून एकाच गाण्याची गळा काढलेली आवृत्ती तबकडीच्या मागच्या बाजूला द्यायचे आणि त्यावर साउंड सिस्टिमवाले आपला माणूस उभा करून बोलायला लावायचे. किंग टबीसारख्या लोकांनी तीच आवृत्ती मिक्सरवर उघडून त्यातून डब काढलं. लंडनच्या जंगलवाल्यांपैकी कित्येक जण जमैकाहून आलेल्या घरांत वाढले. डबप्लेटची पद्धतही तिथलीच. नवा मिक्स छापून बाजारात येण्याआधी डीजे उत्तर लंडनमधल्या 'म्युझिक हाउस'मध्ये जाऊन त्याची एकच प्रत कापून घ्यायचा. लॅकरचा मऊ थर दिलेली ती तबकडी दरवेळी थोडी झिजायची, थोड्याच रात्रींत तिचा आवाज जायचा. एखादा मिक्स महिनोन्‌महिने फक्त चार माणसांकडे असायचा आणि तो ऐकायचा तर त्या खोलीतच जावं लागायचं.

ती खोली म्हणजे हॉक्स्टन स्क्वेअरमधला 'ब्लू नोट'. १९९५पासून तिथे रविवारी मेटलहेड्झची रात्र असायची. जागा लहान, छत बुटकं, बेस पायाखालून यायचा. सोमवारी सकाळी कामावर जायचं असूनही लोक यायचे. आणि तिथेच सोमवारी कोण? तलविन सिंग, त्याची 'अनोखा' ही रात्र. रविवारी आणि सोमवारी त्याच भिंतींमध्ये जंगल वाजायचं, सोमवारी त्यात तबलाही असायचा. तलविन पंजाब घराण्याचा तबला शिकलेला. त्याच्या 'ओके' अल्बमला १९९९ साली मर्क्युरी मिळालं. @तिरकीट, तुम्हाला ब्रेक आणि कायदा यांचं नातं जाणवलं, ते त्याने हाताने वाजवून दाखवलंय. जरूर ऐका.

आणखी एक. १९९४च्याच नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये क्रिमिनल जस्टिस कायदा आला. परवानगीशिवाय उघड्यावर जमून असलं संगीत वाजवणाऱ्यांवर पोलिसांना कारवाईचे अधिकार मिळाले. कायद्याच्या मजकुरात पुन्हा पुन्हा येणाऱ्या तालाचा थेट उल्लेख आहे. शहरातल्या दडपणाचं हे गाणं त्या हवेत आलं. म्हणून मला ते नुसतं हळवं गाणं वाटत नाही.

मंद्रसप्तक

@शिवडी_ते_स्ट्रॅटफर्ड, काका, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या तोडीचा आहे. मनापासून आभार.

पण माझं म्हणणं मी सोडत नाही. डीजेसाठी बनले हे मान्य. तरीही रोनी साइझने गळा मागे नेला तो काढून टाकला नाही, आणि नेमका कुठे ठेवला हे बघा ना. बेस थांबतो तिथे तो येतो. बेसच्या दोन लाटांच्या मधली जागा त्याने बाईंना दिली. नाचणाऱ्याला श्वास घ्यायला तेवढाच वेळ मिळतो. म्हणजे त्यानेही निर्णय आवाजाचाच घेतला. पेशेच्या मिक्सचा स्वभाव जास्त हवेशीर आहे, स्वरांना पसरायला जागा आहे, म्हणून तो घरी ऐकायला मला अधिक जवळचा. पण रोनीचा मिक्स जास्त धाडसी, हे मी मोकळेपणाने म्हणेन.

@नवखा_७, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. आपल्याकडच्या त्या रिमिक्समध्ये गाणं तसंच राहायचं, फक्त खालचा ठोका बदलायचा. इथे रिमिक्स करणाऱ्याला गाण्याचे सुटे भाग मिळतात : गळा वेगळा, बेस वेगळा, ड्रम वेगळे. त्यातलं काय ठेवायचं हे तो ठरवतो. कधी मूळ गाण्यातला एकच स्वर उरतो आणि तरी तो त्याच गाण्याचा रिमिक्स असतो.

कोथरूडची_रात्र

बेरियलच्या रिमिक्सवर कुणीच बोललं नाही अजून! माझं मत जरा कडक आहे. मला तो पटत नाही. इतका स्वच्छ, उंच आवाज, त्यावर सगळी ती खरखर आणि धूळ. आवाज चिरून, वरखाली ओढून टाकलाय. बाई गेल्यानंतर दोन वर्षांनी हे केलं म्हणून आणखी लागलं.

विलंबित

@कोथरूडची_रात्र, मला नेमकं उलट वाटतं. आधी मी म्हटलं की श्वास तोडला की गाणं तुटतं. बेरियलने तोडलाय, आणि तरी तो रिमिक्स मी सोडू शकत नाही.

बेरियल म्हणजे दक्षिण लंडनचा. त्याने मुलाखतीत सांगितलंय की जंगल त्याच्यापर्यंत मोठ्या भावामुळे आलं. तो स्वतः त्या क्लबांत जाण्याच्या वयाचा नव्हता. म्हणजे 'इनर सिटी लाइफ' ज्या पिढीने खोलीत उभं राहून ऐकलं त्या पिढीचा तो नाही. त्याला ते कॅसेटवरून, दुसऱ्याच्या आठवणीतून मिळालं. २००७चा 'अनट्रू' ऐका, त्यातले सगळे गळे असेच दुरून येतात. म्हणून त्याने आवाज स्वच्छ ठेवला असता तर ते खोटं झालं असतं. त्याच्यापर्यंत तो आवाज पोचलाच मुळी असा.

आणि बाई गेल्यावर केलं म्हणूनच मला ते चाललं. आता तो आवाज नव्याने कुणाला मिळणार नाही. आहे तेवढ्यातूनच घ्यावा लागणार.

कोथरूडची_रात्र

@विलंबित ताई, कॅसेटचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण आवाजाचा मान राखणं आणि आवाजाची आठवण जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला अजूनही वाटतं, आणि मी पहिलीच्या बाजूने आहे.

शिवडी_ते_स्ट्रॅटफर्ड

या वादात माझं थोडंसं. हेरिटेज ऑर्केस्ट्राने 'टाइमलेस' अख्खं मंचावर सादर केलंय, जिवंत ड्रमरसह. यंत्राने चिरलेला ताल माणसाने पुन्हा हाताने वाजवायचा, हे उलटं चक्र आहे. आमेन किंवा फंकी म्यूल वाजवणाऱ्याने कधी स्वप्नातही आणले नसते असे तुकडे आजचा ड्रमर दोन हात दोन पायांनी वाजवतो. माझ्या लेखी सगळ्यात मोठा रिमिक्स तोच. कारण त्यात गाण्याचा सांगाडा उघडा पडतो आणि तरी ते उभं राहतं.

गिरणगाव

मुंबईचा एक धागा जोडतो. १९९७ साली 'अनोखा'चं जे संकलन निघालं, 'साउंड्झ ऑफ द एशियन अंडरग्राउंड', त्यात ए. आर. रहमानची 'बॉम्बे'मधली थीम आहे, 'मुंबई थीम ट्यून' या नावाने. त्याच तबकडीवर स्टेट ऑफ बेंगॉलचं 'फ्लाइट आयसी ४०८' हे खणखणीत ड्रम अँड बेस आहे. मुंबईच्या दंगलींवरच्या चित्रपटातली बासरी लंडनच्या तळघरातल्या बेसच्या शेजारी. दोन्ही शहरांवरचं दडपण त्या तबकडीवर एकत्र आलंय असं मला नेहमी वाटतं.

पुढे लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ साली ब्लू फ्रॉग उघडलं. हा प्रकार मोठ्या आणि चांगल्या साउंड सिस्टिमवर ऐकायची आमची सोय तिथे झाली. ते बंद झाल्यावर हळहळ वाटली.

नवखा_७

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे मोबाइल बाजूला ठेवून बाबांच्या जुन्या अँपवर लावलं. बेस म्हणजे काय ते आज कळलं, खिडकीची काच थरथरत होती. आधी सिंगल ऐकलं, मग २१ मिनिटांचं पूर्ण, मग पेशे, रोनी साइझ आणि शेवटी बेरियल.

प्रामाणिक मत : मला रोनी साइझचा सगळ्यात आवडला. बेस थांबल्यावर आवाज येतो ते आधी वाचलं नसतं तर लक्षातच आलं नसतं. बेरियलच्या वेळी मात्र मधेच थांबवून परत मूळ गाणं लावलं. विलंबित ताईंचं म्हणणं समजलं, पण मला अजून मूळच पुरेसं वाटतं.

पुढे काय ऐकू?

मंद्रसप्तक

@नवखा_७, या क्रमाने जा. आधी गोल्डीचंच 'एंजेल', कारण त्यात डायानबाई आहेत. मग एलटीजे बुकेमचं 'होरायझन्स', १९९५चं. त्यात स्वरांना भरपूर जागा आहे, तुम्हाला आवडेल. मग मेटलहेड्झवरचं अ‍ॅलेक्स रीसचं 'पल्प फिक्शन'. ताल साधा दिसतो, तो अजिबात साधा नाही. सर्वात शेवटी फोटेकचं 'द हिडन कॅमेरा', रात्री, हेडफोनवर. गोल्डीच्या १९९८च्या अल्बमवरचं 'मदर' तासभराचं आहे, वाद्यवृंदासह. ते इतक्यात नको.

@शिवडी_ते_स्ट्रॅटफर्ड, काका, डबप्लेट आणि म्युझिक हाउसवर वेगळा धागा काढाच. आणि ब्लू नोटमध्ये डायानबाईंना प्रत्यक्ष गाताना कधी ऐकलंत का, ते त्यात नक्की लिहा.

शिवडी_ते_स्ट्रॅटफर्ड

काढतो. जुनी फ्लायर्स माळ्यावर आहेत, शनिवारी उतरवतो आणि फोटोही टाकतो.